तुमचा ओढा कोणता?

मंडळी, बऱ्याच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. कारण विचाराल तर मी परत शाळेत जायला लागले आहे! अगदी रोज नाही हो. भाचेसून ज्या शाळेत शिकवते तिथल्या सहावीच्या वर्गाला महिन्यातले दोन शनिवार 'पाणी' हा विषय शिकवायचा, एवढंच. तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले तेव्हा 'आता पुन्हा खडू हातात धरणार नाही' असं मी जाहीर केलं होतं. घरातल्या सगळ्यांना ते नीट आठवतंय आणि त्यावरून माझी यथेच्छ चेष्टाही करून झाली आहे. पण या वेळी मला जायचंच होतं. का, ते सांगते.

२०१९ साली २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला ते आठवत असेल. कात्रजच्या डोंगरात ढग कोसळले, कात्रजचा तलाव भरून वाहिला आणि बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या सगळ्या पट्ट्यात ओढा रस्त्यांवरून आणि घरांतून वाहिला. भिंती पडल्या, गाड्या काडेपेट्यांसारख्या तरंगत गेल्या. शहरात आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं गेली. त्याच रात्री डोंगराच्या पलीकडे शिवापूरच्या खोऱ्यात आणि कऱ्हेलाही पूर आला.

चार-पाच दिवसांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ओढ्याकाठच्या एका वसाहतीत राहणारा, चांगला चाळिशीतला गृहस्थ. घरातली माणसं वाचली होती, पण संसार वाहून गेला होता. मी काय बोलावं या विचारात होते तेवढ्यात तोच म्हणाला, "बाई, ज्या प्रदेशातले पाणी वाहत येऊन एका नदीला किंवा ओढ्याला मिळते, त्या प्रदेशास त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. बघा, अजून पाठ आहे. पण आमचं घर कुठल्या पाणलोटात आहे, ते तुम्ही कधी बोलला नाहीत."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. कारण तो खरं बोलत होता. मी वर्षानुवर्षं ती व्याख्या फळ्यावर लिहिली, दोन मार्कांना विचारली, 'आणि' राहिला म्हणून अर्धा मार्क कापलासुद्धा. गंगेचं खोरं शिकवलं, ब्रह्मपुत्रेचं शिकवलं. ॲमेझॉनचं खोरं जगात सगळ्यात मोठं, हेही शिकवलं. आणि ज्या वर्गात हे चालायचं त्यातली निम्मी मुलं आंबील ओढ्याच्या पुलावरून नाक दाबून शाळेत येत होती. त्यांच्या लेखी तो 'नाला' होता. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी नालाच होता.

तर असा हा परत शाळेत जाण्याचा किस्सा.

पहिल्या शनिवारी मी मुलांना एकच प्रश्न विचारला. तुमचा पत्ता सांगा. सगळ्यांनी पटापट सांगितला: अमुक सोसायटी, बी विंग, तमक्या बँकेच्या समोर. मी म्हटलं, हा पोस्टमनसाठीचा पत्ता झाला. पावसाच्या थेंबाला विचारलं तर तो तुमचा पत्ता काय सांगेल? वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "टीचर, थेंब पाइपमधून जातो." शहरातल्या मुलाचं अगदी बरोबर उत्तर आहे हे! पाइपमधून कुठे? "गटारात." गटारातून? "माहीत नाही." इथून आम्ही सुरुवात केली.

दुसऱ्या तासाला प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. तो चुरगाळायचा, मग थोडासा उलगडून बाकावर ठेवायचा. झाला डोंगराळ प्रदेश तयार. जिथे जिथे उंच कड आली असेल तिथे पाण्यात पसरणाऱ्या निळ्या स्केचपेनने रेघ ओढायची. आणि वरून फवाऱ्याने पाऊस पाडायचा. निळा रंग कडांवरून ओघळून घळींमध्ये उतरतो आणि खळग्यांत साठतो. कुणाच्या कागदावर दोन तळी होतात, कुणाच्या पाच. ज्या कडेपाशी पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती रेघ म्हणजे जलविभाजक. एका खळग्यात जिथून जिथून निळं पाणी आलं तेवढा कागद म्हणजे त्या खळग्याचा पाणलोट. व्याख्या मी लिहून दिली नाही. एका मुलाने आपणहून सांगितली, आणि त्याच्या तोंडून ती माझ्या फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा चांगली निघाली: "खालच्याचं पाणी वरच्याकडून येतं."

आता वाटतं, यात विशेष ते काय? पण माणसाला हे कळायलाही बराच काळ लागला आहे. नद्यांना बारमाही पाणी कुठून येतं, हे युरोपातल्या विद्वानांना कितीतरी शतकं कोडं होतं. पावसाने एवढ्या मोठ्या नद्या भरत असतील यावर विश्वासच बसेना. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं, असं पुष्कळांना वाटायचं. मग पिएर पेरो नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी सेन नदीच्या उगमाकडच्या भागात पाऊस किती पडतो ते मोजलं, त्या भागाचं क्षेत्रफळ काढलं, नदीतून वर्षभरात किती पाणी जातं त्याचा अंदाज घेतला आणि हिशोब मांडला. पडणारा पाऊस नदीच्या पाण्याच्या सहापट निघाला! म्हणजे पाऊस पुरतो, पुरून उरतो. हे पुस्तक छापलं गेलं १६७४ साली.

१६७४ म्हटल्यावर वर्गातले सगळे हात वर. अर्थातच! त्याच वर्षी रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. मग मी विचारलं, गडावर पाणी कुठून यायचं? गड तर सगळ्यात उंच, त्याच्या वर कुणीच नाही. मुलांनी थोडा विचार केला. "आकाशातून." बरोबर. म्हणून तर गडावर तलाव आणि कातळात खोदलेली टाकी. रायगडावरचा गंगासागर काय, हत्ती तलाव काय, माथ्यावर जेवढा पाऊस पडेल तेवढीच पुंजी. ती साठवली तर वर्ष निघेल, नाहीतर गड खाली करा. पॅरिसमध्ये हिशोब मांडला जात होता तेव्हा आपल्याकडे त्याच हिशोबावर माणसं जगत होती, फक्त तो कुणी पुस्तकात लिहिला नव्हता. गड सोडला तर मात्र बाकी कुणाचंच पाणी फक्त आपल्या दारात पडलेलं नसतं. ते वरच्या कुणाच्या तरी दारात पडलेलं असतं.

तिसऱ्या खेपेला आम्ही कात्रजला गेलो. पालकांच्या सह्या, बस, दोन शिक्षिका, डबे, एकाला बस लागणे वगैरे सगळं यथासांग झालं. जुन्या घाटाच्या वरच्या डोंगरसोंडेवर उभं राहिलं की उत्तरेला पुणं आणि दक्षिणेला शिवापूरचं खोरं दिसतं. एका मुलीला म्हटलं, बाटलीतलं थोडं पाणी अलीकडे ओत आणि थोडं पलीकडे. आता सांगा, हे दोन थेंब कुठे जातील?

अलीकडचा थेंब कात्रजच्या तलावात येईल, तिथून आंबील ओढ्याने मुठेत. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेत. मग भीमेबरोबर उजनीच्या धरणात. पलीकडचा थेंब शिवगंगेत, तिथून गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत. नीरेबरोबर वीर धरण बघून तो पूर्वेला निघेल. आणि दोघं भेटतील कुठे? इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूरला. तिथे नीरा भीमेला मिळते. डोंगराच्या माथ्यावर वीतभर अंतराने पडलेले दोन थेंब जिल्ह्याचा एवढा फेरा घालून पुन्हा एकत्र येतात, आणि मग दोघं मिळून पंढरपूरला जातात! चंद्रभागा म्हणजे भीमाच की. तिथून कर्नाटक, कृष्णा आणि बंगालचा उपसागर.

मुलांना हे फार आवडलं. एक जण म्हणाला, "म्हणजे थेंबांची वारी." मला हे सुचलं नव्हतं. पण लगेच मागून दुसऱ्याचा प्रश्न आला. "टीचर, मग आपल्या ओढ्यातली घाण पण पंढरपूरला जाते?" मी म्हटलं, वाटेत उजनी आहे, आणि उजनीचं पाणी सोलापूरकडचे लोक पितात. पाणी शुद्ध करून मगच नळाला सोडतात, तरी आपण नदीत काय सोडतो त्याच्याशी त्यांचा संबंध आहेच. 'खालच्याचं पाणी वरच्याकडून येतं' हे वाक्य ज्याने शोधलं होतं तो मुलगा गंभीर झाला. म्हणाला, "म्हणजे आपण पण कुणाच्या तरी वरचे."

परत येताना तलावापाशी थांबलो. कात्रजचे तलाव आणि तिथून निघणारा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, १७५० च्या आसपासचे. साधारण आठ किलोमीटर अंतर, जमिनीखालून दगड-चुन्यात बांधलेला बंदिस्त मार्ग, माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा मोठा. ठरावीक अंतरावर वर हवा खेळण्यासाठी बांधलेले उच्छ्वास. पंप नाही, मोटार नाही. कात्रज उंच आणि शनिवारवाडा सखल, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर पाणी गावात यायचं आणि हौदांमध्ये पडायचं. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावं अजून चौकांना आणि रस्त्यांना चिकटून आहेत. मुलं त्या नावांच्या स्टॉपवर बसमधून उतरतात, पण 'हौद' म्हणजे काय हे वर्गात फक्त तिघांना ठाऊक होतं.

तीच गत सारसबागेची. "सारसबागेतल्या गणपतीचं नाव काय?" "तळ्यातला गणपती!" "मग तळं कुठंय?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तर तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून पेशव्यांनीच ते केलं होतं. त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. पुढे तळं गेलं आणि बाग आली. गणपतीने मात्र नाव सोडलं नाही! ओढाही मूळचा आजच्या पेठांच्या जागेतून वाहत जाऊन मुठेला मिळायचा. शहर वाढायला लागलं तसा पेशवाईतच त्याला वळवून दांडेकर पुलाच्या बाजूने नदीला नेला. म्हणजे ओढ्याला 'जरा सरकून बस' म्हणायची आपली सवय काही आजची नाही. फरक एवढाच, की तेव्हा त्याला सरकायला जागा दिली होती.

कौतुकाने सांगत होते मी हे सगळं. थोडं जास्तच कौतुकाने असावं, कारण एका मुलीने मध्येच हात वर केला. "टीचर, हौदावर सगळे जाऊ शकायचे?"

मंडळी, तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि मीही कुणाला तो विचारू दिला नसावा. उत्तर सरळ आहे: नाही. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना नाही. डोंगर सगळ्यांसाठी सारखाच होता, उतार सगळ्यांसाठी सारखाच होता, पण हौदाच्या काठापाशी पोचल्यावर पाणी कुणाचं ते माणसांनी ठरवलेलं होतं. याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे मी मुलांना सांगितलं. पुढे महाडचं चवदार तळं, १९२७, हेही सांगितलं. ते त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात होतं, पण 'पाणी' या विषयात ते येतं हे त्यांना नवीन होतं. मलाही म्हणा.

फुल्यांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्यात त्यांनी सरकारला सुचवलंय की फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांना कामाला लावून जागोजागी बंधारे आणि ताली घालाव्यात, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग ओढ्यानाल्यांना मिळेल. आज पाणलोट विकासाच्या कुठल्याही शिबिरात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पाणी धावत असेल तर त्याला चालायला लावा, चालत असेल तर थांबवा, थांबलं असेल तर मुरवा. तो मंत्र १४० वर्षांपूर्वी पुण्यात लिहून ठेवलेला आहे, आणि मी त्याच पुण्यात भूगोल शिकवताना तो एकदाही सांगितला नाही.

शिक्षक लोक स्वतःला फार दोष देत बसतात, असं आमचे हे म्हणतात. असेल. पुढे जाते.

ताई, तुला पानशेत माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी सहा वर्षांची होते. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं झालं नव्हतं तरी पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. बांध खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि सकाळी तो गेला. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि तेही धरण फुटलं. मला आठवतंय ते फक्त मोठ्यांचं धावणं आणि आजीने मला कडेवर घेतल्यावर तिच्या लुगड्याला येणारा ओल्या कापडाचा वास. आमचा वाडा उंचावर, शुक्रवारात, म्हणून वाचला. नारायण, शनिवार या पेठांतलं नदीकाठचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आजी मात्र पुढची गोष्ट सांगायची. पूर ओसरला आणि नळ कोरडे पडले. खडकवासलाच गेलं तर पाणी कुठून येणार? सगळीकडे चिखल, वास, आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा गावाने पुन्हा जुन्या हौदांकडे धाव घेतली. आजी कळशी घेऊन कोपऱ्यावरच्या हौदावर रांगेत उभी राहायची. "पेशव्यांनी पाजलं बाई आम्हाला पाणी," हे तिचं ठरलेलं वाक्य. लहानपणी मला यात पेशव्यांचा मोठेपणा ऐकू यायचा. आता भूगोल ऐकू येतो. पूर मुठेच्या खोऱ्यातून आला, कात्रजचं पाणी शेजारच्या आंबील ओढ्याच्या पाणलोटातून आलं. एक खोरं बुडवत होतं तेव्हा दुसरं तारत होतं. आणि अठ्ठावन्न वर्षांनी ज्याने तारलं होतं त्यानेच बुडवलं. डोंगर तोच, उतार तोच. मधल्या काळात आपण काय केलं एवढाच प्रश्न.

तो पूर पुण्यात पडलेल्या पावसाचा नव्हता. २०१९ चा पूरसुद्धा नुसता सहकारनगरात पडलेल्या पावसाचा नव्हता. मुलांना हे पटावं म्हणून आम्ही एक गणित केलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शाळेची गच्ची २०० चौरस मीटर धरली आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर १,४०,००० लिटर. मुलं खूश. आता डोंगराचा एकच चौरस किलोमीटर घ्या. तिथे एका रात्रीत समजा १०० मिलिमीटर पडला. मुलांनी शून्यं मोजली, खोडली, पुन्हा मोजली. दहा कोटी लिटर! दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा हजार टँकर. रान असेल, माती असेल, तर यातलं पुष्कळसं मुरेल, बाकीचं सावकाश येईल. डोंगर फोडून वर काँक्रीट केलं असेल तर हे सगळे टँकर एकदमच खाली सुटतील. आणि खाली ओढ्याची रुंदी आपण किती ठेवली आहे? ती मुलांनी पुलावरून डोळ्यांनीच पाहिली होती. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

नुसती भीती घालून घरी पाठवायचं नव्हतं, म्हणून पुढच्या तासाला डोंगराच्या पलीकडची गोष्ट सांगितली. पुरंदर तालुका, नायगाव. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जात होती. मी तेव्हा सतरा वर्षांची. सुकडी आणि लाल ज्वारी हे शब्द आमच्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाहीत. पुण्यातले एक कारखानदार, विलासराव साळुंखे, हे बघून अस्वस्थ झाले आणि नायगावच्या माळावर जाऊन राहिले. बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, झाडं लावली. उघड्या माळावर पाणी थांबायला लागलं. पण मला त्यांच्या पाणी पंचायतीतलं मोठं वाटतं ते निराळंच. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस म्हणजे बाकीच्यांची तहान.

हौदाचा प्रश्न विचारणारी मुलगी हे ऐकून हसली. नुसती हसली, बोलली काही नाही. पण मला पेपर तपासून झाल्यासारखं वाटलं.

शेवटच्या शनिवारी मी भिंतीवर मोठा नकाशा लावला. कात्रजपासून मुठेपर्यंतचा ओढा निळ्या खडूने काढला होता. प्रत्येकाने आपल्या घराच्या जागी टिकली लावायची. सगळी मुलं हौसेने लावत होती. एक मुलगा लावायला आला आणि टिकली हातात धरून थांबला. त्याचं घर निळ्या रेघेला जवळजवळ चिकटून येत होतं. त्याने टिकली लावली, जागेवर गेला आणि बसल्या बसल्या विचारलं, "मग आम्ही घर सोडायचं का?"

मी तयारी करून गेले होते, पण या प्रश्नाची नव्हती केली. बारा वर्षांच्या मुलाला मी काय सांगणार? घर त्याने निवडलेलं नाही. त्याच्या आईबापांनी तरी कुठे निवडलं असेल. जिथे परवडलं तिथे घेतलं. डोंगर कुणी फोडला, ओढा कुणी अरुंद केला, भिंत कुणी घातली, यातलं काही त्याच्या हातात नव्हतं. खोटा धीर द्यायचा नाही एवढं मी ठरवलं. म्हटलं, घर सोडायचं की नाही हे मोठ्यांनी आणि सरकारने ठरवायचं आहे, आणि त्यांनी ते ठरवावं म्हणून तुम्ही मोठे झाल्यावर त्यांच्या मागे लागायचं आहे. पण तोपर्यंत एक गोष्ट तुझ्या हातात आहे. जोराचा पाऊस लागला की आपल्या खिडकीतून बघत बसायचं नाही. कात्रजला किती पडतोय ते विचारायचं. तुझ्या दारात येणारं पाणी आधी तिथे पडतं. ते यायला जो वेळ लागतो तेवढा वेळ तुझा. थोडाच असेल, पण आजीला आणि कागदपत्रांना घेऊन वर जायला पुरेल.

मग वर्गातल्याच एका मुलाने, ज्याचं घर थेट कात्रजच्या चढावर आहे, सांगितलं, "मी फोन करीन तुला." दोघांनी एकमेकांचे नंबर वहीत लिहून घेतले. म्हणजे आईबाबांचे नंबर. वरच्याने खालच्याला कळवायचं. पेरोसाहेबांपासून फुल्यांपर्यंत सगळ्यांना घेऊन मी एवढ्या तासांत जे शिकवायला बघत होते, ते त्या दोघांनी अर्ध्या मिनिटात करून टाकलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. इतक्या वर्षांनी कसं बोलावं हे कळेना, म्हणून सरळच म्हटलं, "अरे, तुझं घर आंबील ओढ्याच्या पाणलोटात आहे. सांगायला उशीर झाला." तो क्षणभर गप्प राहिला आणि मग हसला. म्हणाला, "बाई, माझ्या पोरीला पण सांगा की. ती पाचवीत आहे." पुढच्या वर्षी ती सहावीत जाईल. तिच्या शाळेत मला येऊ देतील का ते विचारायचं आहे.

असो. बरंच लांबलं. मुलांना सुट्टीचा गृहपाठ दिला होता, तो तुम्हालाही देऊन थांबते. आपला पत्ता लिहून काढा, पण थेंबाच्या भाषेत. आमच्या वर्गातल्या एकीने असा लिहिला: 'मधली गल्ली, आंबील ओढा, मुठा, भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर.' तिच्या आईने खाली पेन्सिलीने पिनकोड घातला आहे.

दादरची आत्या, बंगळुरूची मंडळी, अमेरिकेतला आमचा शहाणा, सगळ्यांनी लिहा. आणि लिहिता येत नसेल, तर बाहेर जाऊन बघून या. तुमचा ओढा कोणता?